फौजदाराच्या घरचं पथ्य

कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यातल्या त्या कंपाउंडरला सगळे फौजदार म्हणत. अंगावर खाकी कधी चढली नव्हती. तरुणपणी पोलिसात जायला निघाले होते, पण उंचीत दोन बोटं कमी पडले आणि तिथूनच मागे फिरले. विसाव्या वर्षी दवाखान्यात फरशी पुसायला लागले, पुढे कुत्रं धरायला शिकले, मग सुई भरायला, मग कातडीवर पात्याने खरवडून काचेवर घ्यायला. आता अठ्ठावन्न सरत आलं होतं. फिक्या हिरव्या कोटाच्या डाव्या खिशात बँडेजची पट्टी आणि उजव्या खिशात कात्री, हे त्यांचं हत्यार. पट्टी तोंड बांधायला. कितीही गुरगुरणारं कुत्रं असो, एका हाताने मान धरायची, दुसऱ्याने जबड्यावर फास टाकायचा, हनुवटीखाली एक पीळ, कानांमागे गाठ. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालेलं असे.

पण फौजदार हे नाव त्यामुळे पडलं नाही. ते पडलं माणसांच्या चौकशीमुळे.

कुत्र्याला खाज सुटते ती चार कारणांनी. पिसवा-गोचिड्या असतात, कातडीत शिरलेली खरूज असते, हवेतली धूळ आणि गवताचे कण असतात, नाहीतर मग पोटात जाणारं अन्न सोसत नसतं. मोठे डॉक्टर दवाखान्यात बसत होते तोवर या कारणांच्या मागे कुणी लागत नसे. खाजरं कुत्रं टेबलावर आलं की स्टेरॉईडचं एक इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी खाज गायब. पी हळद आणि हो गोरी. मालक खूश, डॉक्टर खूश. तीन आठवड्यांनी कुत्रं पुन्हा खाजवत यायचं, पुन्हा तीच सुई. दोन-तीन वर्षांत त्या कुत्र्याचं पोट भोपळ्यासारखं लोंबायला लागे, कातडी कागदासारखी पातळ होई, बादलीभर पाणी पिऊन ते घरभर मुतत फिरे. मग मालक म्हणत, "म्हातारं झालं बिचारं." फौजदारांनी अशा हजारो सुया स्वतःच्या हाताने भरल्या होत्या. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. डॉक्टर सांगतील ते भरायचं.

मोठे डॉक्टर थकले आणि त्यांची पुतणी त्या खुर्चीत बसली. तिने आल्या आल्या सुया बंद केल्या. आता खाज फारच असली तर एक नवी गोळी, तीही थोडे दिवस, कुत्र्याला झोप लागावी म्हणून. तेवढ्यात कारण शोधायचं. ओल्या पांढऱ्या कागदावर बारीक फणीने केस झाडायचे. काळे कण लाल झाले, म्हणजे चोखलेलं रक्त निघालं, की पिसवा. सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर किडा दिसला की खरूज. काहीच नाही दिसलं तर पथ्य. आठ आठवडे कुत्र्याने दोनच गोष्टी खायच्या, तिसरं काही नाही. याआधी कधी न खाल्लेला एका जातीचा मासा आणि उकडलेला बटाटा. एक घास बाहेरचा गेला की सगळं मुसळ केरात, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं.

पथ्य कुत्री मोडत नाहीत, घरातली माणसं मोडतात. आणि मोडलेलं कुणी कबूल करत नाही. इथे फौजदारांचं खरं काम सुरू होई.

"घरात म्हातारं माणूस कोण आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पुढच्या खेपेला त्या माणसाला घेऊन यायला सांगायचे. त्या आजीला किंवा आजोबांना औषधांच्या कपाटामागच्या स्टुलावर बसवायचे, पाणी द्यायचे, आणि अगदी मऊ आवाजात विचारायचे, "आजी, किती दिलंत ते मी विचारत नाही. काय दिलंत तेवढं सांगा."

दिलं का, असं ते कधीच विचारत नसत. काय दिलं, एवढंच. आजी गडबडे. "अहो, एक तुकडा फक्त, पावाचा..." की झालं. फौजदार उठत, दार उघडत आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "मॅडम, पाव! सापडला चोर." लोक हसत. आजी आपल्या मुलाकडे बघत नसे. घरी जाताना ती मागच्या सीटवर कुत्र्यापासून लांब सरकून बसे. एकदा एका आजोबांनी कबूल करायला पाऊण तास घेतला. "कबूल करा, मग पुढचं बघू," असं फौजदार एका सुरात म्हणत राहिले आणि शेवटी आजोबा रडले. त्यांनी चीज दिलं होतं. तो किस्सा फौजदार पुढे येईल त्याला सांगत.

तर असं चाललेलं असताना, एका सकाळी दवाखान्याच्या फाटकाला एक कुत्रं बांधलेलं सापडलं. गळ्यात पट्टा, पट्ट्याला पिशवी, पिशवीत कुत्र्याची फाईल. फाईलसकट टाकून दिलेलं कुत्रं फौजदारांनीही पहिल्यांदाच पाहिलं. पाठीवर केस नव्हते, काखा काळ्या आणि जाड झालेल्या, कानांतून आंबूस वास, आणि पोट ते ओळखीचं, लोंबणारं. फाईल उघडली तर पहिली सगळी पानं मोठ्या डॉक्टरांच्या अक्षरात होती, आणि सुया दिल्याची सही फौजदारांची.

"काका," पुतणीबाई म्हणाल्या, "तुम्ही न्या याला घरी. तुमच्याइतकं कडक पथ्य कुणाच्या घरी होणार? बरा झाला तर आधीचा आणि नंतरचा फोटो भिंतीवर लावू. लोकांना दाखवता येईल."

फौजदारांनी हो म्हटलं. अडतीस वर्षांत दवाखान्याच्या भिंतीवर त्यांच्या नावाचं काही लागलं नव्हतं.

घरी दोनच खोल्या, त्यात ते आणि बायको. मूलबाळ नव्हतं. आणि आठ महिन्यांपासून सासूबाई. त्या आधी मुलाकडे होत्या. तिथे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या बोळात त्यांची घडीची खाट असे. न्हाणीत जाणाराला वाट द्यायला त्या दर वेळी पाय पोटाशी घेत. सून बोलत नसे. बोलत नसे म्हणजे भांडत नसे एवढंच नाही, तर अक्षरही उच्चारत नसे; काही सांगायचं झालं तर नवऱ्याला फोन करून सांगे आणि तो आईला सांगे. अशी दोन वर्षं काढून सासूबाई लेकीकडे आल्या, तेव्हा पहिले आठ दिवस त्या दिवा लावू का, असं विचारत होत्या. लेक म्हणाली, "आई, दिवा आहे, लाव की." मग हळूहळू त्यांना जीव आला. खिडकीखालचा कोपरा त्यांचा झाला. वयाच्या अठ्ठ्याहत्तरीत त्या पुन्हा थट्टा करायला लागल्या.

टकलू घरी आला त्या दिवशी फौजदारांनी दोघींना समोर उभं केलं. टकलू हे नाव सासूबाईंनीच ठेवलं.

"आठ आठवडे. मासा आणि बटाटा. मी शिजवणार, मी घालणार. दुसऱ्या कुणाचा हात त्याच्या तोंडाजवळ दिसता कामा नये."

"जावईबापू, माझं एवढं पथ्य कुणी केलं असतं तर मी शंभर वर्षं जगले असते," सासूबाई म्हणाल्या.

"हसण्यावारी नेऊ नका, आई. मी रोज बघतो. पथ्य म्हातारी माणसंच मोडतात. एक घास जरी तुमच्या हातून गेला ना, तर मी तुम्हाला मुलाकडे पोचवून येईन. आधीच सांगून ठेवतो."

सासूबाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण ते कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखं. "नाही हो देणार," त्या म्हणाल्या. "तो कोपरा मी सोडणार नाही."

आणि त्यांनी शब्द पाळला. टकलू दिवसभर त्यांच्याच पायाशी येऊन पडे, त्यांच्या जेवणाकडे आशाळभूतपणे बघे, लाळ गाळे. त्या ताट उचलून दाराबाहेर जाऊन पायरीवर जेवत. जेवून आल्या की हात साबणाने धूत, मगच कुत्र्याला हात लावत. बायकोने हे पाहिलं होतं. फौजदार त्या वेळी दवाखान्यात असत.

फौजदारांचंही सगळं चोख होतं. सकाळी मासा उकडायचा, काटे काढायचे. बटाटा सोलून कुस्करायचा. दर तिसऱ्या दिवशी औषधी शाम्पू लावून दहा मिनिटं घड्याळ बघत फेस ठेवायचा. मानेवर महिन्याला एकदा गोचिड्यांचे थेंब. खाजेची गोळी सकाळ-संध्याकाळ. आणि शिवाय एक तपकिरी चपटी गोळी, केसांना चमक येण्यासाठी. ती औषध कंपनीच्या विक्रेत्याने दिली होती. "काका, नमुन्याचे डबे आहेत, घ्या. कुत्रं हातातून ओढून खातं बघा." खरंच ओढून खायचा. फोटोत केस चमकले पाहिजेत म्हणून फौजदार रोज दोन देत.

पहिले तीन आठवडे टकलू शांत झोपला. मग ठरल्याप्रमाणे खाजेची गोळी बंद केली. अन्नाचीच खाज असेल आणि पथ्य नीट झालं असेल, तर गोळी थांबवल्यावर ती परत येऊ नये. चौथ्या दिवशी टकलू मागचा पाय काखेत घालून असा खाजवायला लागला की जमिनीवर पायाचा ठोका ऐकू यायचा. ठक, ठक, ठक. सकाळपर्यंत काखेतून रक्त आलं.

दवाखान्यात पुतणीबाईंनी बघितलं. "काका, तोंडात दुसरं काही जातंय?"

"काही नाही, मॅडम."

"नक्की?"

"माझ्या हातून काही नाही."

"मग घरातलं कुणीतरी देतंय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मी काय सांगणार!" बाहेर बसलेला एक मालक हसला. "फौजदारांच्या घरातच चोरी!" तो म्हणाला.

हे वाक्य फौजदारांनी घरापर्यंत डोक्यात घोळवत नेलं. कोट न काढताच ते सासूबाईंच्या कोपऱ्यात स्टूल घेऊन बसले. पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. आवाज मऊ केला.

"आई, किती दिलंत ते मी विचारत नाही. काय दिलंत तेवढं सांगा."

"कुणाला?"

"टकलूला."

"मी काही दिलं नाही."

"चुकून हातातून पडलं असेल."

"पडलं असतं तर मी उचललं असतं. अजून खाली वाकता येतं मला."

"कबूल करा, मग पुढचं बघू."

"दिलंच नाही तर कबूल काय करू? तुमची समजूत घालायला खोटं बोलू?"

अडतीस वर्षांच्या धंद्यात एवढं सरळ उत्तर फौजदारांना कुणी दिलं नव्हतं. सरळ बोलणारा मुरलेला असतो, असा त्यांनी अर्थ काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली. बायकोला स्वयंपाकाला लागेल ते सकाळी काढून द्यायचे. "मी आता घरात मागून घेऊ का?" बायको म्हणाली. "तुझ्यासाठी नाही, तुझ्या आईसाठी आहे," ते म्हणाले. सासूबाई तिथेच बसल्या होत्या.

पाच दिवस गेले. ठक, ठक चालूच. सहाव्या दिवशी सुट्टी होती. सासूबाई न्हाणीत गेल्या तेव्हा फौजदारांनी त्यांचं अंथरूण उलटंपालटं केलं. उशीच्या अभ्र्यात कागदाची पुडी होती. पुडीत पाच बिस्किटं आणि एक अर्धं, दातांचं अर्धवर्तुळ उमटलेलं.

सासूबाई ओले केस पुसत बाहेर आल्या तेव्हा पुडी टेबलावर उघडी ठेवलेली होती आणि फौजदार तिच्यासमोर उभे होते.

"हे काय?"

सासूबाईंचे कान लाल झाले. चोरी पकडल्यावर जसे होतात तसेच. "माझी आहेत. मी खाते."

"उशीत लपवून?"

"दुपारची भूक लागते मला. चार वाजता पोटात खड्डा पडतो."

"मग मागायचं. आम्ही काय उपाशी ठेवतो?"

"कपाटाला कुलूप आहे," सासूबाई म्हणाल्या. "शेजारणीकडून मागून आणली."

बायको दारातच खाली बसली. आईने शेजारी जाऊन बिस्किटं मागितली हे तिला त्या वेळी कळलं. पण फौजदारांना त्यातलं एकच ऐकू आलं: की चोरीचा माल बाहेरून येत होता.

"हे अर्धं कुणी खाल्लं?"

"मी. दात बघा हवं तर माझे. पाच उरलेत."

"अहो, आईचा चावा आहे तो," बायको म्हणाली. "कुत्रं असं अर्धं ठेवेल का?"

"अर्धं यांनी, अर्धं त्याने. असंच चालतं. मी रोज बघतो."

"टकलूसमोर मी कधी खाल्लं नाही, जावईबापू. न्हाणीत जाऊन खाते. दार लावून."

हे ऐकून कुणालाही लाज वाटली असती. फौजदार म्हणाले, "चोराला जागा लागतेच." आणि कपाटावरची सासूबाईंची पिशवी खाली काढली.

बायको भांडली, नाही असं नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा त्यांना अरेतुरे बोलली. "तुझ्या त्या लूत भरलेल्या कुत्र्यापायी माझ्या आईला काढतोस?" फौजदार शांतपणे म्हणाले, "कुत्र्यापायी नाही. खोटं बोलल्यापायी. कबूल केलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो." मग ते सासूबाईंकडे वळले. "अजून सांगा. आत्ता कबूल करा, पिशवी वर ठेवतो."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "नाही दिलं हो," त्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत त्या मुलाच्या घरी होत्या. सुनेने दार उघडलं, आत जाऊन नवऱ्याला फोन लावला आणि सांगितलं, "तुझी आई आली आहे." फौजदार तिथल्या तिथूनच परतले.

दवाखान्यात त्यांनी स्वतःच ही हकिकत सांगितली. लपवण्यासारखं काय होतं? पथ्य न पाळणाऱ्या मालकांना ते आता म्हणू लागले, "मी माझ्या सख्ख्या सासूला घराबाहेर काढलं. तुम्हाला तुमच्या आईला दोन शब्द सांगवत नाहीत?" मालक खाली मान घालत. पुतणीबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही फारच कडक." पण तोंडावर कौतुक होतं.

टकलूची खाज मात्र होती तशीच. एक आठवडा, दोन आठवडे. फौजदार बायकोला म्हणाले, "पोटात गेलेलं अंगातून निघायला वेळ लागतो." बायको त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. ती म्हणाली, "लागू दे."

मग एक दिवस दुपारी एक बाई आपलं पांढरं, लहान चणीचं कुत्रं घेऊन आली. पथ्याचा सहावा आठवडा, आणि कुत्र्याच्या पोटावर लाल चट्टे. फौजदारांनी सवयीने विचारलं, "घरात म्हातारं माणूस कोण आहे?" बाई म्हणाली, "सासरे. पण ते महिनाभर परगावी आहेत. मी एकटीच आहे घरात, आणि मी काही देत नाही. फक्त हे." तिने पर्समधून डबा काढला. तपकिरी चपट्या गोळ्यांचा. "केसांसाठी. तुमच्याकडे येतो ना तो विक्रेता, त्याने दिला."

पुतणीबाईंनी डबा हातात घेऊन उलटा केला आणि कपाळावर हात मारला. "अहो, यात कोंबडीची काळीज-पूड असते! म्हणून तर कुत्री आवडीने खातात. ज्याचं पथ्य करतोय तेच तुम्ही रोज भरवताय."

"पण हे तर औषध आहे," बाई म्हणाली.

"पथ्याच्या कागदावर लिहिलंय. मागच्या बाजूला. काका, जरा वाचून दाखवा यांना."

तो कागद फौजदारांनी पाच वर्षं वाटला होता. पुढची बाजू त्यांना पाठ होती. मागची बाजू मालकांनी वाचायची असते, असं ते धरून चालले होते. त्यांनी गठ्ठ्यातला एक काढला, उलटला, चष्मा नाकावर सरकवला आणि मोठ्याने वाचलं:

"पथ्याच्या काळात वासाच्या किंवा चवीच्या कोणत्याही गोळ्या, टॉनिक, चघळायची हाडं देऊ नयेत. त्यांत मांसाचा अंश असतो. घरातील कुणी काही दिलं नसूनही पथ्य मोडण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे."

"पुन्हा एकदा," पुतणीबाई म्हणाल्या. "बाईंनी लिहून घेऊ द्या."

फौजदारांनी पुन्हा वाचलं. आवाज नेहमीसारखाच होता. फक्त वाचून झाल्यावर तो कागद बाईला द्यायचा, ते विसरून त्यांनी आपल्याच खिशात घातला, कात्रीबरोबर.

घरी गेल्यावर त्यांनी डबा उचलला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वापरलेल्या सुया टाकायच्या पिवळ्या बादलीत तो खाली दाबून टाकला, वर रक्ताचा कापूस घातला. बायकोने विचारलं, "ती चमकेची गोळी नाही दिली आज?" ते म्हणाले, "संपली." बायकोने आदल्या दिवशी डबा अर्धा भरलेला पाहिला होता. तिने ते मनात ठेवलं की सोडून दिलं, हे फौजदारांना कधी कळलं नाही. विचारायची त्यांची छाती झाली नाही.

सांगायला काय हरकत होती? एक फोन. "आई, चूक माझी होती." फौजदारांनी चार-पाच वेळा फोन हातात घेतला. पण सासूबाईंना सांगायचं म्हणजे बायकोला सांगायचं, बायको शेजारणीला सांगणार, शेजारणीचा कुत्रा दवाखान्यात येतो. मग त्या सगळ्या आज्या आणि आजोबा. त्यांतल्या कितींच्या कुत्र्यांना विक्रेत्याच्या गोळ्या चालू होत्या? ते चीजवाले आजोबा तरी चीज खरंच देत होते, की पाऊण तासानंतर सुटका व्हावी म्हणून चीज म्हणाले होते? हा विचार आला की फौजदार फोन ठेवून देत आणि टकलूची काख तपासायला जात.

काख सुधारत होती. नव्याने मोजलेल्या पाचव्या आठवड्यात पाठीवर लव आली, आठव्यात खरे केस. ठोके थांबले. पुतणीबाईंनी फोटो काढला आणि दोन्ही फोटो भिंतीवर लावले, खाली मोठ्या अक्षरात: फक्त पथ्याने. लोक बघत आणि फौजदारांना म्हणत, "सासूबाई गेल्या आणि कुत्रं बरं झालं म्हणजे!" फौजदार म्हणत, "आता तुम्हीच बघा."

त्याच आठवड्यात मेव्हण्याचा फोन आला.

"भाऊजी, आईला तुमच्याशी बोलायचंय. आठ दिवस मागे लागली आहे. आणि खरं सांगायचं तर इथेही आता कठीण झालंय."

मग सासूबाईंचा आवाज, तोंडाजवळ हात धरून बोलल्यासारखा. "जावईबापू, मी दिलं होतं."

फौजदारांनी टकलूकडे पाहिलं.

"बिस्किट दिलं होतं टकलूला. मी तेव्हा खोटं बोलले. कबूल करते. तुम्ही म्हणाला होतात ना, कबूल करा म्हणून."

इथे फौजदारांना बोलता आलं असतं. त्यांच्या तोंडून सवयीने निघालं ते असं: "कधी दिलंत?"

मग सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तेव्हा."

"बरं," फौजदार म्हणाले. "रविवारी येतो."

मेव्हण्याच्या घरात त्या सकाळपासून तयार होऊन बोळातल्या खाटेवर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. अडीच-तीन महिन्यांत त्या वाळून गेल्या होत्या. मनगटं चिमटीत मावतील अशी. मेव्हणा म्हणाला, "आई, त्यांच्या पाया पड आता. एवढं सगळं करून नेताहेत तुला." जावयाच्या पाया पडायला सासूबाई खरोखर वाकल्या. फौजदार एक पाऊल मागे सरकले, पण नको म्हणाले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारातून सून बघत होती. तिने त्या घरात सासूदेखत पहिलं वाक्य उच्चारलं, तेही फौजदारांना: "उशी तपासत जा रोज."

बसमध्ये दोघं शेजारी बसले. तासाभराने गाव मागे पडलं तशी सासूबाईंच्या अंगात थोडी धुगधुगी आली. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग वळून, कुणी ऐकत नाही ना ते पाहून, हळूच म्हणाल्या, "जावईबापू, आता आपण दोघंच आहोत म्हणून सांगते. मी खरंच दिलं नव्हतं हो. तिथे राहवेना म्हणून म्हटलं. पण तुम्हाला तरी माहीत असावं."

फौजदार समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होते. सांगायचं ते सगळं समोर होतं: डबा, काळीज-पूड, कागदाची मागची बाजू. दोन वाक्यांचं काम. बसमधल्या कुणाला त्यातलं काही कळलंही नसतं.

"आई," ते म्हणाले, "घरी यायचंय ना?"

"हो."

"मग आता फिरवू नका. कबूल केलंत ते केलंत."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. जन्मभर माणसं पाहिलेली बाई होती ती. तिला त्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. "बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बाहेर बघायला लागल्या.

बायकोने दार उघडलं. तिच्या पायांमधून टकलू सुसाट बाहेर आला, केसाळ, गुबगुबीत, ओळखू न येण्यासारखा. त्याने मात्र सासूबाईंना लगेच ओळखलं. कुईं कुईं करत तो त्यांच्यावर उड्या घ्यायला लागला, हात चाटायला धडपडायला लागला. सासूबाईंनी पिशवी खाली टाकली आणि दोन्ही हात झटकन डोक्याच्या वर नेले. तळवे उघडे, बोटं फाकलेली, सगळ्यांना दिसतील अशी.

"आई, अगं हे काय?" बायको म्हणाली.

"काही नाही माझ्या हातात," सासूबाई म्हणाल्या. "बघा. काही नाही."

शेजारीण दारात येऊन हसायला लागली. टकलू उड्या मारत होता. सासूबाईंचे हात वरच होते.

"घ्या आता खाली," फौजदार म्हणाले. तेव्हा त्यांनी घेतले.